कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ का छापलं गेलं?

घरातली जुनी ट्रंक उघडली की त्यात हमखास पत्रांचा एक गठ्ठा सापडतो. १९७१-७२ सालची पाकिटं त्यात असतील, तर त्यांच्यावर एक गंमत दिसू शकते. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं छोटं तांबडं तिकीट चिकटवलेलं असतं. चित्र कुटुंब नियोजनाचं. पण त्या चित्रावर काळ्या शाईत वेगळंच काहीतरी छापलेलं असतं : ‘शरणार्थी सहायता’ आणि त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द, ‘रेफ्युजी रिलीफ’.

असं तिकीट सोशल मीडियावर टाकलं की दोन प्रकारच्या कमेंट येतात. एक, “ही छपाईतली चूक आहे, लाखोंना विकलं जाईल!” आणि दुसरी, “कुणीतरी घरीच शिक्का मारलाय, बनावट आहे.”

बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात. ही छपाईतली चूक नव्हती, तो सरकारी निर्णय होता. आणि तो इतक्या घाईत घेतला गेला की नवीन तिकीट छापायलाही वेळ उरला नव्हता.

ओव्हरप्रिंट म्हणजे काय?

आधीच छापून तयार असलेल्या तिकिटावर नंतर पुन्हा काहीतरी छापणं म्हणजे ओव्हरप्रिंट. त्या दुसऱ्या छपाईने तिकिटाची किंमतच बदलली, तर संग्राहक त्याला सरचार्ज म्हणतात. आणि नवीन तिकीट येईपर्यंत काम भागवायला जे तिकीट वापरात आणलं जातं, ते तात्पुरतं किंवा प्रोव्हिजनल तिकीट.

नवीन तिकीट काढायचं म्हणजे चित्र ठरवा, मंजुरी घ्या, छपाईच्या प्लेटा तयार करा, लाखो तिकिटं छापा, भोकं पाडा आणि देशभर पोचवा. यात महिने जातात. पण युद्ध, महागाई आणि सत्तांतर यांना महिनोन्महिने थांबायची सवय नसते. मग गोदामात पडलेली जुनी तिकिटं बाहेर काढायची, त्यावर चार शब्द छापायचे आणि खिडकीवर विकायला ठेवायची. हा जगभरातल्या टपाल खात्यांचा जुना उपाय आहे.

१९७१ मध्ये भारतात नेमकं हेच घडलं.

पाच पैशांचा कर कुठून आला?

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कारवाई सुरू केली. तिथून जीव वाचवून पळालेली माणसं पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम आणि मेघालयात येऊ लागली. वर्ष संपत आलं तोवर हा आकडा सुमारे एक कोटीवर गेला होता. एवढ्या माणसांना रोज जेवण, निवारा आणि औषधं द्यायची होती, आणि त्याचा बराचसा भार भारताच्या तिजोरीवर होता.

पैसा उभा करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर १९७१ मध्ये वटहुकूम काढून काही जादा कर लावले. रेल्वेचं भाडं आणि देशांतर्गत विमानप्रवास यांच्याबरोबर टपालही त्यात आलं. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर नेहमीच्या दराशिवाय पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावणं सक्तीचं झालं.

हे पाच पैसे टपालखर्चाचे नव्हते. पत्र पोचवण्याचं मोल नेहमीच्या तिकिटात आलेलंच होतं. पाच पैशांचं तिकीट हा कर होता, आणि तो पोस्टाच्या खिडकीवर गोळा होत होता.

आज पाच पैसे म्हणजे काहीच नाही. पण तेव्हाचा हिशेब वेगळा होता. समजा, डिसेंबर १९७१ मध्ये नागोठण्याहून कुणी मुंबईत परळला एक पाकीट टाकलं. रेल्वे तेव्हा नागोठण्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. घरचा माणूस मुंबईत कामाला असला, तर खुशाली कळायचा मुख्य मार्ग पोस्ट हाच. साध्या पाकिटाला २० पैशांचं तिकीट लागायचं. त्यावर हे पाच पैसे धरले की झाले २५, म्हणजे खर्च थेट सव्वापट! हजारो किलोमीटर दूर चाललेल्या संकटाचा वाटा कोकणातल्या साध्या पत्रानेही उचलला, तो असा.

मग कुटुंब नियोजनाचंच तिकीट का?

कारण अगदी साधं आहे. पाच पैशांचं तिकीट हवं होतं, आणि तेव्हाच्या चालू मालिकेतलं पाच पैशांचं तिकीट कुटुंब नियोजनाचं होतं. ते देशभरातल्या पोस्टांत भरपूर शिल्लक होतं.

एका बाजूला ‘कुटुंब छोटं ठेवा’ असं सांगणारं चित्र, आणि त्यावर एक कोटी निर्वासितांसाठी मदतीचा शिक्का! हा विरोधाभास कुणी ठरवून घडवला नव्हता. टंचाईच्या वेळी हाताशी जे असतं ते वापरलं जातं, आणि असे योगायोग त्यातूनच घडतात.

मुख्य ओव्हरप्रिंट छापलं गेलं महाराष्ट्रातच, नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्यावर हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतले शब्द होते. पण नाशिकहून छापून निघालेला माल देशातल्या प्रत्येक पोस्टात ठरलेल्या तारखेला पोचणं अवघड होतं. म्हणून स्थानिक पातळीवर परवानगी दिली गेली : तुमच्याकडे पाच पैशांची जी तिकिटं आहेत, त्यांच्यावर तुम्हीच छापून घ्या.

आणि मग ज्याला जसं जमलं तसं त्याने केलं. कुठे गावातल्या छापखान्यात खिळे जुळवून छापलं गेलं. कुठे रबरी शिक्का बनवून एकेका तिकिटावर हाताने मारला गेला. कुठे दोन्ही भाषा, कुठे फक्त इंग्रजी. अक्षरं कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तिरपी. बंगळूर, जयपूर, दिल्ली, गोवा अशा ठिकाणांच्या स्थानिक ओव्हरप्रिंटची वेगळी नोंद संग्राहकांच्या कॅटलॉगमध्ये सापडते. सरकारी कचेऱ्यांच्या टपालासाठी ‘सर्व्हिस’ तिकिटं असायची, त्यांच्यावरही हेच शब्द छापले गेले.

१ डिसेंबर १९७१ ला निर्वासितांचं चित्र असलेलं पाच पैशांचं खास तिकीट आलं आणि तात्पुरत्या तिकिटांची गरज ओसरली. म्हणजे ही सगळी धावपळ मुख्यतः दोन आठवड्यांचा खड्डा भरण्यासाठी होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित आपल्या घरी परतले. पाच पैशांचा कर मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला. तात्पुरतं तिकीट पंधरवड्यात मागे पडलं, तात्पुरता कर सोळा महिने टिकला!

सीमेपलीकडेही तोच उपाय

बांगलादेशच्या बाजूला काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. स्वातंत्र्याची लढाई चालू असतानाच, २९ जुलै १९७१ ला, हंगामी मुजीबनगर सरकारने आठ तिकिटांचा संच काढला. तो विमान मल्लिक या चित्रकाराने तयार केला होता. आपला देश अस्तित्वात आहे, हे जगाला दाखवण्याचा तो मार्ग होता. विजयानंतर त्यातल्या काही तिकिटांवर ‘बांगलादेश मुक्त झाला’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापले गेले.

पण गावोगावच्या पोस्टांत साठा होता तो पाकिस्तानी तिकिटांचा. ती फेकून दिली तर विकायचं काय? मग जागोजागी रबरी शिक्के तयार झाले आणि पाकिस्तानी तिकिटांवर ‘बांगलादेश’ असं उमटवलं गेलं. म्हणजे एकाच युद्धाच्या दोन बाजूंना, एकाच हिवाळ्यात, पोस्टातली माणसं हातात शिक्के घेऊन तिकिटांवर नवीन शब्द उमटवत होती. इकडे कारण होतं नवीन कर, तिकडे नवीन देश.

नाशिकने पाकिस्तानसाठीही तिकिटं छापली होती

हे वाचून धक्का बसेल, पण खरं आहे.

१९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटं नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे तिथे भारतीय तिकिटंच चालली. मग राजे सहावे जॉर्ज यांचं चित्र असलेल्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असं छापलं गेलं, आणि ही छपाई झाली नाशिकच्या प्रेसमध्ये. तीन पैपासून २५ रुपयांपर्यंतचा हा १९ तिकिटांचा संच १ ऑक्टोबर १९४७ ला तिथे विक्रीला आला. तो पुरा पडला नाही, म्हणून कराची, लाहोर, ढाका अशा ठिकाणी स्थानिक शिक्के मारूनही तिकिटं चालवली गेली. पाकिस्तानची स्वतःच्या चित्रांची तिकिटं यायला जुलै १९४८ उजाडलं.

नोटांचंही तसंच. १९४८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानात चालवण्यासाठी ज्या नोटा दिल्या, त्या भारतीय नोटाच होत्या. फक्त त्यांच्यावर इंग्रजी आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशी जादा अक्षरं होती.

नाशिक प्रेसला अशा कामाची सवय जुनी. १९३७ मध्ये ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तेव्हाही भारतीय तिकिटांवर ‘बर्मा’ छापूनच सुरुवात झाली होती.

नागोठण्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग ज्या गोव्यात पोचतो, तिथली कथा थोडी वेगळी. तिथे झेंडा बदलण्याआधी चलन बदललं. पोर्तुगीज राजवटीत रुपिया-टांगा हे चलन होतं. १९५९ च्या सुरुवातीला त्याच्या जागी एस्कुडो आलं आणि जुन्या तिकिटांवर नवीन किमती छापल्या गेल्या. पुढे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ती तिकिटं इतिहासजमा झाली आणि भारतीय तिकिटं आली.

महागाई तिकिटावर कशी दिसते?

सत्ता बदलली की तिकिटावर नाव बदलतं. महागाई आली की आकडा बदलतो.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण १९२३ सालच्या जर्मनीतलं. पहिलं महायुद्ध हरल्यानंतर तिथे पैशाची किंमत इतक्या वेगाने घसरली की तिकीट छापून होईपर्यंत त्यावरची किंमत निरुपयोगी ठरायची. ३० फेनिगच्या, म्हणजे एका मार्कच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी किमतीच्या तिकिटावर ‘८ हजार मार्क’ असं छापलं गेलं. म्हणजे साडेसव्वीस हजार पटींहून जास्त! वर्षअखेरीस तिथे ५० अब्ज, म्हणजे ५,००० कोटी मार्कांचं तिकीटही निघालं.

हिंदुस्थानात असं काही झालं नाही, पण पहिल्या महायुद्धानंतरची ओढाताण इथल्या टपालावरही दिसते. १९२१ मध्ये एक आण्याच्या तिकिटावर ‘नऊ पै’ अशी किंमत इंग्रजीत छापली गेली. एका आण्याचे १२ पै, त्यामुळे हे एक आण्याचं तिकीट पाऊण आण्याचं झालं. छापताना काही तिकिटांवर ‘नाइन पाइज’च्या जागी ‘नाइन नाइन’ किंवा ‘पाइज पाइज’ असं उमटलं. त्या चुका आजही संग्राहक शोधत असतात. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, पोस्टकार्डाचा दर पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर आणि पत्राचा दर अर्ध्या आण्यावरून एक आण्यावर नेला गेला. एका झटक्यात दुप्पट.

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्येही असंच एक तिकीट आलं. एक आणा तीन पैच्या तिकिटावर आडवी ‘३ पै’ अशी इंग्रजी छपाई करून ती तिकिटं खपवली गेली. टपालाचे दर बदलले की जुन्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे अंगावर पडतात. सरचार्ज हा ते वापरून टाकण्याचा मार्ग.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ओव्हरप्रिंटखालचं चित्र सांगतं, सरकारने आधी काय ठरवलं होतं. वरची अक्षरं सांगतात, अचानक काय घडलं. दोन्ही एकाच चौकोनात दिसतात. नवीन, देखणं, ठरवून काढलेलं तिकीट ही घाई लपवतं. ओव्हरप्रिंटला ती लपवता येत नाही.

घरात असं तिकीट सापडलं तर?

आता कामाची गोष्ट. अशी तिकिटं ‘दुर्मिळ’ म्हणून ऑनलाइन विकणारे खूप आहेत, आणि स्थानिक ओव्हरप्रिंटची नक्कल करणं सगळ्यात सोपं. पाच पैशांचं साधं तिकीट आणि एक रबरी शिक्का, झालं काम! म्हणून पैसे मोजण्याआधी किंवा स्वतःकडचं तिकीट विकण्याआधी काही गोष्टी तपासा.

पहिली, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख. शरणार्थी कर १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ या काळात होता. त्याआधीची तारीख असेल तर सरळ संशय घ्या.

दुसरी, शाईचा क्रम. खऱ्या तिकिटावर आधी ‘शरणार्थी सहायता’ छापलं गेलं आणि मग पोस्टाने ते रद्द करण्याचा शिक्का मारला. त्यामुळे पोस्टाचा शिक्का वर असायला हवा. भिंगातून पाहिल्यावर ओव्हरप्रिंटचीच शाई पोस्टाच्या शिक्क्यावर चढलेली दिसली, तर ते नंतर कुणीतरी छापलेलं आहे.

तिसरी, ठिकाण. एखाद्या शहराचं स्थानिक ओव्हरप्रिंट म्हणून विकलं जाणारं तिकीट त्याच भागातून निघालेल्या पाकिटावर असेल, तर दाव्याला वजन येतं. सुटं, कोरं तिकीट काहीच सिद्ध करत नाही.

चौथी, पत्ता. जुन्या पाकिटावर ‘मु. पो. नागोठणे, ता. रोहा, जि. कुलाबा’ असं लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं. पिनकोडही बघा. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. म्हणजे १९७१ च्या पत्रावर नागोठण्याचा ४०२१०६ हा पिनकोड त्याच शाईत, त्याच अक्षरात लिहिलेला असेल, तर काहीतरी गडबड आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : तिकीट पाकिटावरून सोडवू नका. पाण्यात भिजवून तिकीट काढायची सवय आपल्याकडे शाळेपासूनची. पण अशा तिकिटाची साक्ष त्याच्या आजूबाजूलाच असते. शेजारचं २० पैशांचं तिकीट, तारखेचा शिक्का, पत्ता, हस्ताक्षर. हे सगळं एकत्र असतं तेव्हाच कळतं की या घराने त्या दिवशी पत्रासाठी २० पैसे आणि निर्वासितांसाठी पाच पैसे दिले होते.

राहता राहिला प्रश्न लाखोंच्या किमतीचा. नाशिकमध्ये छापलेलं दोन भाषांतलं ओव्हरप्रिंट मोठ्या संख्येने निघालं होतं, त्यामुळे ते सहज मिळतं आणि स्वस्तही असतं. त्यामुळे अशा पाकिटावरून श्रीमंत व्हायची स्वप्नं बघू नका. मात्र पाकीट जपून ठेवा. १९७१ च्या युद्धाच्या गोष्टी आपण रणगाडे, विमानं आणि शरणागतीच्या त्या प्रसिद्ध फोटोतून ऐकत आलो. त्या वर्षाचा खर्च पाच-पाच पैशांनी गावागावातून कसा गोळा झाला, त्याचा पुरावा मात्र घरातल्या ट्रंकेत आहे.